माहीमला समुद्राजवळ वन आरके घ्यावा का? (२२८ चौरस फूट, चौथा मजला, लिफ्ट नाही)

खिडकीपाशी

मंडळी, नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र आहे. आज पहिल्यांदा धागा काढतेय, तोही स्वार्थापोटी.

मी ३६ वर्षांची, एकटी. नोकरी लोअर परळला. नऊ वर्षं भाड्याने काढली, आधी डोंबिवली आणि गेली चार वर्षं माहीम. अकरा महिन्यांचा करार संपत आला की मालकाच्या भाच्याचं लग्न ठरतं आणि मला खोली सोडावी लागते. असं तीनदा झालंय. तीन वेगवेगळे मालक, भाचा मात्र बहुतेक एकच असावा.

आता एक वन आरके, म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर, पाहिलाय. वीर सावरकर मार्ग (जुनी माणसं अजून कॅडल रोडच म्हणतात) आणि समुद्र यांच्यामधल्या गल्लीत. १९७२ ची इमारत, तळमजला अधिक चार, वीस बिऱ्हाडं, सोसायटी नोंदलेली. पागडी (मालक दुसराच, आपण कायमचे भाडेकरू) नाही, मालकीचा. मागताहेत ९६ लाख. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दोन इमारतींच्या फटीत चार बोटं समुद्र दिसतो आणि सी लिंकचा एक खांब. ब्रोकरने या चार बोटांना 'सी व्ह्यू' म्हटलं तेव्हा मी हसले, पण घरी आल्यावर डोळ्यांसमोर तेवढंच राहिलं.

गुंतवणूक वगैरे डोक्यात नाही, राहायचं आहे. कोणी असं छोटं घर समुद्राजवळ घेतलं आहे का? काय बघावं?

टवाळभैरव

रुमाल टाकून ठेवतो. माहीम, समुद्र, ब्रोकर... हा धागा शंभरी गाठणार.

दीपाली_व

मी वर्सोव्याला सहा वर्षं राहतेय, समुद्रापासून दुसरी गल्ली. घर मोठं आहे पण हवा तीच, म्हणून लिहिते. पहिल्या पावसाळ्यानंतर गॅसच्या शेगडीचे पाय गंजले. एसीचं बाहेरचं युनिट तिसऱ्या वर्षी गेलं, मेकॅनिकने जाळी बोटाने दाबून दाखवली तर तिचा भुगाच पडला. दर दोन दिवसांनी खिडकीच्या काचेवर मिठाचा धुरकट थर येतो. पापड-कुरडया विसराच, डब्यात ठेवलेले पोहेसुद्धा मऊ होतात.

तरी संध्याकाळी साडेसहाला खिडकी उघडली की यातलं काही आठवत नाही, हेही खरं.

एक विचारू? २२८ फुटांत फ्रिज कुठे ठेवणार?

बाळा_माहीमकर

जन्म माहीमचा, वय ७१. पोरी, ब्रोकर तुला जे सांगणार नाही ते सांगतो.

ओहोटीला वास येतो. रोज नाही, पण येतो. नाले आणि खाडी सगळं याच उपसागरात येऊन मिळतं. घर बघायला ब्रोकर कायम भरतीच्या वेळेला बोलावतो. तू ओहोटीची वेळ बघून दुपारी एकटी जा.

बुधवारी सेंट मायकल चर्चच्या नोव्हेनाला, म्हणजे प्रार्थनेला, गर्दी असते, कॉजवेच्या बाजूला गाडी हलत नाही. डिसेंबरात मकदूम बाबांचा उरूस, दहा दिवस रात्रभर रोषणाई, पाळणे, जत्रा. मला आवडतं. तुला झोप प्यारी असेल तर आधीच ठरव. आणि पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वरची भरती असेल त्या दिवशी गल्लीत पाणी किती चढतं ते समोरच्या किराणावाल्याला विचार. सोसायटीचा सेक्रेटरी खरं बोलेलच असं नाही. किराणावाल्याच्या गोणी खालच्या फळीवर असतील तर काळजी नाही.

खिडकीपाशी

काका, गोणींचं भारी आहे! आज ऑफिसातून येताना मुद्दाम डोकावले. खालची फळी मोकळी, गोणी लाकडी पाटावर, जमिनीपासून वीतभर वर. म्हणजे?

बाळा_माहीमकर

म्हणजे घोट्याएवढं पाणी. चालायचं.

पै_पैचा_हिशेब

समुद्र बाजूला ठेवा, आकडे बघू.

कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, किती म्हणतोय ब्रोकर? शीर्षकात २२८ आहे, ते तुम्ही मोजलंत का?

खिडकीपाशी

ब्रोकर २८० म्हणत होता. मी टेप घेऊन गेले होते, विक्रेत्यांच्या सूनबाईंनी दुसरं टोक धरलं. खोली १३ बाय १०, स्वयंपाकघर ८ बाय ७, मोरी-संडास मिळून ६ बाय ४, मधला बोळ १८ चौरस फूट. बेरीज २२८. ब्रोकर म्हणाला, "मॅडम, भिंती पण तुमच्याच ना."

पै_पैचा_हिशेब

वाटलंच. २८० धरले तर भाव ३४ हजारांच्या घरात दिसतो, २२८ धरले तर ४२ हजार. भावाची घासाघीस कायम टेपच्या आकड्यावर करा. रेराच्या (घरबांधणीच्या नव्या कायद्याच्या) व्याख्येत आतल्या पडद्या कार्पेटमध्ये मोजतात, बाहेरच्या भिंती नाही. ही इमारत रेराच्या कितीतरी आधीची, त्यामुळे जुन्या करारात बिल्ट-अप, म्हणजे भिंतींसकट क्षेत्र, लिहिलेलं असणार. ते काढून बघा.

आता खिसा. ९६ लाख धरतो. एकट्या बाईच्या नावावर घेतलंत तर मुंबईत मुद्रांक शुल्क मेट्रोच्या अधिभारासकट ५ टक्के, म्हणजे ४ लाख ८० हजार. पुरुषाला ६. आईला सहमालक केलंत तरी सवलत राहते, भावाला घेतलंत तर जाते. रेडी रेकनरची, म्हणजे सरकारी दराने येणारी, किंमत जास्त निघाली तर शुल्क त्यावर लागेल. नोंदणी फी ३० हजार, त्याच्या वर जात नाही. ब्रोकर २ टक्के मागेल, एकावर आणा. जीएसटी नाही, हे जुनं घर आहे. ५० लाख किंवा त्यावरच्या घराला १ टक्का टीडीएस (विक्रेत्याचा आयकर) तुम्ही कापून भरायचा असतो, म्हणजे ९६ हजार. तो विक्रेत्याच्या पैशांतून जातो, पण भरायचा राहिला तर नोटीस तुम्हाला येते.

कर्ज: ७५ लाखांपर्यंतच्या कर्जाला बँक किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत देऊ शकते, त्याच्या वर गेलात की ७५ टक्के. म्हणजे तुम्हाला फार तर ७५ लाख. उरलेले २१ आणि वरचा खर्च धरून पदरचे २७-२८ लाख रोख लागणार. साडेआठ टक्के दराने वीस वर्षांचा हप्ता ६५ हजारांच्या आसपास. आता भाडं किती भरता?

खिडकीपाशी

२८ हजार. साधारण एवढीच खोली, फक्त समुद्राकडे पाठ. ७५ लाख कर्ज घेणार नाही. डोंबिवलीला असताना बाबांनी चिपळूणची जमीन विकून माझ्या वाट्याचे ठेवले होते, त्यामुळे ५० पुरेल.

पै_पैचा_हिशेब

२८ हजार म्हणजे वर्षाला ३ लाख ३६ हजार, ९६ लाखांवर साडेतीन टक्के. मी तुमच्या जागी असतो तर भाड्यानेच राहिलो असतो आणि बाबांच्या पैशांना हात लावला नसता.

दीपाली_व

भाच्याचं लग्न त्या साडेतीन टक्क्यांत कुठे धरलंत, पै_पै?

पै_पैचा_हिशेब

बरं, ते राहिलं. हलकं घ्या.

एक चांगली बातमी देतो: ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मुंबई महापालिकेने १ जानेवारी २०२२ पासून मालमत्ता कर माफ केला आहे. सोसायटीच्या बिलात तो अजून लावत असतील तर विचारा.

सळई

स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, सविस्तर लिहितो. घाई असेल त्यांनी खाली सरकावं.

खाऱ्या हवेतले क्लोराइड काँक्रीटमध्ये हळूहळू झिरपतात आणि आतल्या सळईपर्यंत पोचतात. सळई गंजली की फुगते, गंजाला लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. मग वरचं काँक्रीट आतून ढकललं जातं, आधी केसासारखी तडा, मग पोपडा, मग एक दिवस तुकडाच खाली. १९७२ ला सळईवरचं काँक्रीटचं कव्हर किती ठेवलं होतं ते कंत्राटदाराच्या मनावर असायचं. त्यात तुमचा मजला सगळ्यात वरचा, डोक्यावर गच्ची. समुद्राकडून वारा आणि वरून पाणी, दोन्ही तुमच्याच वाट्याला.

घर बघताना फॉल्स सीलिंग दिसलं तर आधी ते का लावलं ते विचारा. मोरीच्या छताला आणि खिडकीवरच्या छज्जाला किल्लीने किंवा नाण्याने हलकेच ठोकत जा. घट्ट काँक्रीटचा आवाज टणक, खणखणीत येतो. आतून सुटलेलं असेल तर 'ठप' असा पोकळ. दहा मिनिटांत छताचा नकाशा कळतो. ताजा रंग असेल तर जास्तच ठोका. तळमजल्याच्या पार्किंगमधले खांब बघा, उभी तडा सळईच्या रेषेत असेल तर ती प्लास्टरची नाही.

मग सेक्रेटरीकडे स्ट्रक्चरल ऑडिट मागा. तीस वर्षांवरच्या इमारतीला महापालिका कायद्याच्या ३५३-ब कलमाखाली ते बंधनकारक आहे. अहवालात वर्ग असतो: सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची. सी-२-ए म्हणजे रिकामी करून किंवा काही भाग पाडून मोठी दुरुस्ती. सी-२-बी म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती, सी-३ किरकोळ. बँकेचा मूल्यांककही इमारतीचं उरलेलं आयुष्य लिहितो, आणि त्याने पंधरा वर्षं लिहिलं तर तुम्हाला वीस वर्षांचं कर्ज मिळणार नाही. तेवढ्यावरून हप्ता बदलतो. म्हणून कर्जाची प्राथमिक मंजुरी घेतली एवढ्यावर टोकन, म्हणजे बयाणा, देऊ नका, ती तुमच्या पगाराची असते. इमारतीची तपासणी नंतर होते.

टवाळभैरव

नाण्याने ठोकताना विक्रेता काय म्हणतो तेही लिहा.

सळई

एकदा एक आजोबा म्हणाले होते, "नारळ घेताय का?" म्हटलं, हो आजोबा, तेच बघतोय.

मेघना_रेगे_नव्हे

ब्रोकर 'रिडेव्हलपमेंटला जाणार आहे, दुप्पट मिळेल' म्हणाला असेलच?

खिडकीपाशी

पहिल्याच वाक्यात.

मेघना_रेगे_नव्हे

आर्किटेक्ट आहे, म्हणून हे वाक्य रोज ऐकते. समुद्राजवळ सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाचे नियम, लागतं. १९९१ च्या अधिसूचनेपासून भरतीरेषेपासून ५०० मीटरच्या पट्ट्यात बांधकामावर बंधनं आली. मुंबई शहराचा बहुतेक बांधलेला किनारा सीआरझेड-दोनमध्ये येतो, आणि तिथे वर्षानुवर्षं जुन्याच नियमांचा चटईक्षेत्र निर्देशांक (प्लॉटवर किती बांधता येतं त्याचं प्रमाण) गोठलेला होता, त्यामुळे पाडून बांधणं बिल्डरला परवडायचं नाही. २०१९ च्या अधिसूचनेने ते सैल केलं. तरी नवं बांधकाम अस्तित्वातल्या रस्त्याच्या जमिनीकडच्या बाजूला की समुद्राकडच्या, हा प्रश्न राहतोच, आणि तुमची इमारत नेमकी सावरकर मार्ग आणि समुद्राच्या मध्ये आहे. किनारा व्यवस्थापनाच्या नकाशावर प्लॉट कुठे बसतो ते एखाद्या आर्किटेक्टला फी देऊन बघून घ्या. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरच्या नकाशावर विसंबू नका.

सोसायटीने ठराव केला का, हेही विचारा. २०१९ च्या शासन निर्णयानंतर ५१ टक्के सभासदांची संमती पुरते. पण तुम्ही एकट्या, हप्ता चालू, आणि पाच वर्षं दुसरीकडे भाड्याने. बिल्डर ते भाडं देतो म्हणतो आणि मध्येच थांबतो, अशी माणसं माझ्या ओळखीत आहेत. 'दुप्पट' हा शब्द किमतीत मोजू नका. इमारत आहे तशीच राहिली तर हे घर ९६ लाखांना हवं का, एवढंच स्वतःला विचारा.

चाळकरी

याच पैशात गिरगाव चौपाटीजवळ पागडीची मोठी खोली मिळेल की. माझ्या मावसभावाने घेतली. उपकरप्राप्त (दुरुस्तीचा उपकर भरणारी जुनी) इमारत आहे, पुनर्विकासात किमान ३०० फूट मिळतातच.

कागदपत्रे_मागे

चाळकरी, पागडीला बँक कर्ज देत नाही, मालकाचा हिस्सा वेगळा द्यावा लागतो आणि तो ज्याचा त्याचा ठरलेला. ३०० फुटांचं बरोबर आहे, पण ते कधी मिळणार हे मावसभावाला विचारा.

खिडकीपाशी, वकिली करते म्हणून विचारते: हे घर मूळ कोणी घेतलं आणि आज विकतंय कोण? ५० वर्षांच्या घराची साखळी हीच खरी गोष्ट असते.

खिडकीपाशी

मूळ सभासद आजोबा, ते वारले. शेअर सर्टिफिकेट आता मोठ्या मुलाच्या नावावर, तो नॉमिनी होता. तोच विकतोय. धाकटा भाऊ कॅनडात.

कागदपत्रे_मागे

थांबा.

नॉमिनी हा मालक नव्हे, सोसायटीपुरता सांभाळणारा. सोसायटीने सर्टिफिकेटवर नाव चढवलं म्हणून धाकट्याचा हक्क संपत नाही. आजी हयात आहेत का? बहीण आहे का? लग्न झालेली बहीण सांगायची लोक विसरतात, आणि ती दोन वर्षांनी दारात उभी राहते. सगळ्या वारसांचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवं. परदेशातला माणूस वकिलातीत सही साक्षांकित करून कुलमुखत्यारपत्र पाठवू शकतो, इथे आल्यावर त्याच्यावर मुद्रांक भरून घ्यावा लागतो. व्हॉट्सअॅपवरचं 'नो ऑब्जेक्शन दादा' चालत नाही.

पुढे: मूळ करार, सूची क्रमांक दोन (नोंदणी झालेल्या कराराचा उतारा), तीस वर्षांचा शोध अहवाल, सोसायटीचं नाहरकत आणि थकबाकी नसल्याचं पत्र, दोन वृत्तपत्रांत जाहीर सूचना देऊन चौदा दिवस वाट. सोसायटीच्या नावावर जमिनीचं अभिहस्तांतरण झालंय का, म्हणजे जमीन सोसायटीच्या मालकीची आहे का, हेही. सोसायटी हस्तांतरणाचे पाच लाख 'डोनेशन' मागेल, मागतातच. हस्तांतरण अधिमूल्य महापालिका क्षेत्रात २५ हजारांवर घेता येत नाही. हसून विषय बदला आणि लेखी मागा.

हे होईपर्यंत टोकन एक रुपयाही नाही.

हडसनकाठचा_नाना

विषयांतर होतंय, तरी. मी जर्सी सिटीत नदीकाठी स्टुडिओत राहतो. स्टुडिओ म्हणजे तुमचा वन आरकेच, फक्त किचनला भिंत नाही, त्यामुळे फोडणी दिली की उशीला वास. इथे पाण्याजवळचं घर घेताना कोणीही आधी पूररेषेचा नकाशा काढतं आणि विम्याचा हप्ता विचारतं. २०१२ च्या ऑक्टोबरात सँडी वादळ आलं तेव्हा शेजारच्या होबोकेनमध्ये पाणी घुसलं, तळघरातली मीटरं, पंप सगळं गेलं. वरच्या मजल्यावरची माणसं कोरडी, पण वीज नाही, पाणी नाही. तेव्हा तुझं घर चौथ्या मजल्यावर असलं तरी मीटरबॉक्स आणि पाण्याचा पंप कुठे आहे ते बघ.

बाळा_माहीमकर

नाना, पंपाचा मुद्दा एक नंबर. आमच्या इमारतीत २००५ ला पंपच गेला होता, आठ दिवस कळशा. चार मजले, पोरी. गुडघ्यांचा विचार कर.

दीपाली_व

आणि फ्रिज?

खिडकीपाशी

तीन आठवड्यांनी येतेय, सगळ्यांना मनापासून धन्यवाद. जे झालं ते लिहिते.

ओहोटीला गेले. वास आला. आजारी पडावं असा नाही, पण 'इथे कोळंबी सोलली होती का' असा. मी चिपळूणची, चालेल.

नाणं घेऊन गेले. खोलीचं छत चांगलं निघालं. मोरीत पाच ठिकाणी ठोकलं, तीन ठिकाणी ठप. विक्रेते काका बघत राहिले, मग स्वतःच म्हणाले, "मागच्या पावसाळ्यात रंग काढला तिथे." सेक्रेटरींनी ऑडिट दाखवायला मला दोन फेऱ्या घालायला लावल्या. वर्ग सी-२-बी. दुरुस्तीसाठी प्रत्येक घरामागे २ लाख १० हजार ठरले होते, अर्ध्या लोकांनी भरलेच नाहीत, म्हणून काम अडलंय. न भरलेल्यांत आमचे विक्रेतेही. पंप मात्र पायरीवर उंच चौथऱ्यावर आहे, मीटर छातीएवढ्या उंचीवर.

बँकेच्या मूल्यांककाने उरलेलं आयुष्य वीस वर्षं लिहिलंय, बँक त्यातून पाच वर्षं कमी धरतेय, त्यामुळे कर्ज पंधराचं मिळतंय. ५० लाखांना हप्ता ४९ हजारांवर जातो. जड आहे, पण झेपेल.

बहीण निघाली! कागदपत्रे_मागे, तुम्हाला साष्टांग. नालासोपाऱ्याला असतात. काकांना विचारलं तर म्हणाले, "तिचं काय, तिला देऊ ना नंतर." मी त्यांनाच फोन लावायला सांगितला. ताई फोनवर बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, "त्या खिडकीत बसून मी दहावीचा अभ्यास केलाय. विकताय हे मला परक्या मुलीकडून कळतंय." मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण त्यानंतर तिन्ही भावंडं बोलली. आता हक्कसोडपत्र नाही, तिघंही विक्रेते म्हणून करारावर सही करणार आणि पैसे तीन चेकने जाणार. कॅनडाचं कुलमुखत्यारपत्र यायचं आहे. टोकन अजून दिलेलं नाही. दुरुस्तीची थकबाकी आणि मोरीचं छत धरून भाव ९१ वर आला.

कागदपत्रे_मागे

तिघं विक्रेते, तीन चेक, उत्तम. कॅनडातल्या भावाचा टीडीएस वेगळा. तो अनिवासी असेल तर १ टक्का चालत नाही, दर बराच जास्त लागतो. सीएला विचारूनच चेक लिहा.

पै_पैचा_हिशेब

हे माझ्याकडून सुटलं होतं. ९१ ला माझी हरकत मागे घेतो. अर्धी.

सळई

मोरीच्या छताचा पोपडा पूर्ण काढून सळई घासून, गंजरोधक लावून मगच भरायला सांगा. नुसतं वरून प्लास्टर मारलं तर दोन पावसाळ्यांत परत येईल. आणि ते काम सुरू असताना समोर उभं राहा.

खिडकीपाशी

राहीन. आणखी एक विचारायचंय: खिडकीची ग्रिल पूर्ण खाल्लेली आहे. लोखंडी परत घालू का स्टील?

सळई

स्टील घ्यायचं तर ३१६ ग्रेड. दुकानदार ३०४ देईल आणि म्हणेल एकच आहे. समुद्राजवळ ३०४ वर तपकिरी ठिपके पडतात. बिलावर ग्रेड लिहून घ्या.

दीपाली_व

तीनदा विचारतेय. फ्रिज??

खिडकीपाशी

दाराच्या मागे, दीपालीताई. मोजून आले. फक्त फ्रिज ठेवला की दार पूर्ण उघडत नाही, तीन बोटं अडतं.

बाळा_माहीमकर

दार उलट्या बाजूने लावून घे. सुतार आहे माझ्या माहितीतला, त्याचा नंबर कळवतो. बिजागऱ्या पितळेच्या घे.